उतार आणि उतारा

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. श्रावणातली दुपार होती, पाऊस जरा थांबला होता, पायरीवर गोणपाट टाकून आम्ही बसलो होतो. मध्ये परात, परातीत कोमट पाणी, पाण्यात मोड आलेले कडवे वाल. आदल्या दिवशी तिनं ते भिजवून फडक्यात बांधून ठेवले होते. असा वाल बोटांत धरून जरा दाबला की साल हातात राहते आणि आतला दाणा सुळकन उडतो. तिचा दाणा नेमका टोपात पडायचा. माझा कधी तिच्या मांडीवर, कधी अंगणात. शेजारची कोंबडी माझ्याच बाजूला टपून बसली होती.

"डोले कुठं हायत तुमचे?" ती म्हणाली. "ही बगा, सालीसकट टाकलाव. खाताना दातात आली म्हंजे माज्याच नावानं ओरडाल."

"डोंगराकडं बघतोय," मी म्हटलं.

"त्यो काय पलून जातोय?"

"ती नकाशावाली पोरगी म्हणते जातोय."

ती हसली. "मंग जाऊ दे. जाताना मूठभर वाल घेऊन जा म्हनावं."

एवढंच. सोमवार होता, उपास सोडायला बिरडं झालं, नारळ जरा जास्त पडला होता. तिनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, अंग कसकसतंय. गोधडी घेतली. गोधडीतही थरथरत होती. लोक विचारतात, शेवटी काय बोलल्या हो काकी? शेवटी दवाखान्यात ती तापात काहीबाही बोलायची, माझं नाव सोडून सगळ्यांची नावं घ्यायची. ते मी धरत नाही. माझ्यापुरतं तिचं शेवटचं बोलणं वालाचं.

श्रावण परत आलाय. बदलापूरच्या बाजारात बायका मोड आलेल्या वालाचे ढीग लावून बसल्यात. एकीनं हाक मारली, "बाबा, सोललेलं पन हायत." सोललेले! मी पुढे निघून गेलो. हवेत तोच वास आहे, ओल्या गोणपाटाचा, शेवाळाचा, आणि वारा फिरला की कारखान्यांकडून येणाऱ्या त्या आंबूस वाफेचा. भिंतीला हात लावला तर तळवा ओला होतो. काडेपेटी पेटत नाही, मीठ पाझरतं, उशीला वास येतो. घरामागे डोंगर डोकं ढगात घालून बसलाय. तो अजून जागेवर आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत त्याचीच वाट बघत बसाल. मला डोंगराचं सांगायचं नाही. मी घर सोडायचं की नाही, याचं सांगायचंय. गेलं वर्षभर उठताबसता हाच एक घोर होता.

घर खरवईच्या बाजूला, अगदी पायथ्याला. मी मूळचा मुरबाडकडचा. अंबरनाथला एका कंपनीत पॅकिंगला लागलो तेव्हा लग्न झालं होतं आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. सासरा म्हणाला, "हितं बांधा. कोन उठवतो बगू." जागा तोंडी दिली आणि ती तोंडीच राहिली. सासरा गेला, मेव्हणे गेले, सातबाऱ्यावर अजून मेलेल्यांची नावं आहेत. अशी जागा माणूस तिथं राहतो तोवर त्याची. दार बंद दिसलं, चुलीचा धूर दिसेनासा झाला, की कुणीतरी येऊन कुंपण घालतो आणि मग तुम्ही तहसील कचेरीत खेटे घालता. खरवई आता पूर्वीची राहिली नाही. जिथं आम्ही भात लावायला जायचो तिथं लिफ्टच्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्या गच्च्यांवरून लोक आमच्या कौलांचे फोटो काढतात. त्यामुळं इथं कुणी 'घर सोडा' म्हणालं की आम्ही आधी त्याच्या तोंडाकडे बघतो, मग तो काय बोलला त्याचा विचार करतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती पोरगी आली. कोमल नाव. उल्हासनगरची सिंधी, बापाचं कपड्याचं दुकान, ही कुठल्याशा संस्थेत नोकरीला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पिशवी, हातात पाटीएवढा फोन. मारुतीच्या देवळासमोर तिनं माणसं जमवली.

"काका, काकी, माझा मराठी जरा कच्चा आहे, सांभाळून घ्या," ती म्हणाली. "आकाशात उपग्रह फिरतो ना, तो तुमच्या डोंगराचे फोटो काढतो. नदीचे पण काढतो. पाऊस जास्त झाला तर कुठली माती खाली येणार, कुठं पाणी भरणार, हे आधी सांगता येतं. म्हणून मला प्रत्येक घराचा उतारा बघायचा आहे."

झालं. तिला म्हणायचं होतं उतार. घरामागची जमीन किती तिरकी आहे, ते. पण तोंडातून निघालं उतारा, आणि आमच्याकडे उतारा म्हणजे सातबाऱ्याचा. त्या एका काण्यानं अर्धी सभा उठली. सगळ्यात आधी नामदेव. हा माझा शेजारी, पूर्वी रिक्षा चालवायचा, गुडघे गेल्यापासून पडवीत बसून सगळ्या जगाची खबर ठेवतो.

"मी बोल्लो नवतो?" नामदेव ओरडला. "वरून फोटो नि खालून उतारा! बिल्डरची मानसं हायत ही. चला रं, घरी चला."

"नाही नाही काका, उतारा, उतारा!" पोरगी घाबरून हात तिरका करून दाखवायला लागली. आता तिरका हात बघून लोकांना वाटलं, घरं आडवी करणार असं सांगतेय. नामदेवची बायको तारा घरी पळाली, डब्यातले कागद काढून पदराखाली धरून देवळामागं जाऊन उभी राहिली. एक म्हातारी तर लिंबू आणि हळदकुंकू घेऊन आली. तिला वाटलं, डोंगराला कुणाची नजर लागलीय आणि ही बाई त्याचा उतारा टाकायला आलीय.

शेवटी आमची ही, अनुसया, उठली. गर्दीतून वाट काढत पोरीपाशी गेली आणि तिचा तो तिरका हात धरला.

"उतार गं बाय, उतार. तोंड एवढा उघडू नको पुढं. हितं मानसांच्या जमिनी जातात."

माणसं हसली. पोरगीही हसली, पण डोळ्यांत पाणी होतं तिच्या. त्या दिवसापासून ती हिला विचारल्याशिवाय वाडीत एक शब्द बोलायची नाही. सभेच्या आधी आमच्या पायरीवर बसून शब्द पाठ करायची. दरड. भराव. ओढा. ही तिला दटावायची, "ल नाय, ळ म्हन." आणि स्वतः म्हणताना ल म्हणायची.

मला मात्र पटलं नव्हतं. हसलो, पण पटलं नव्हतं. आमच्याकडे जो मोजायला आला तो काहीतरी घेऊनच गेला. एकदा रस्त्यासाठी मोजलं, अर्धी पडवी गेली. एकदा पाण्याच्या पाइपासाठी चुन्याची रेघ मारली, दारातला आंबा गेला. एकदा भिंतीवर तांबड्या रंगानं आकडे टाकले आणि पक्की घरं देणार म्हणाले. आकडे अजून आहेत. मोजणारे सगळे गोड बोलतात, पाणी मागतात, पंख्याखाली बसून मुलांची नावं विचारतात. तरी तो माणूस दारातून येतो. त्याला चहा विचारता येतो, चार शिव्या देता येतात. हा वरून मोजणारा तर दारातही येत नाही. ढग असले तरी त्याला दिसतं म्हणे, अंधारातही दिसतं. ज्याला अंधारातही दिसतं असा माणूस गावात आला असता तर आम्ही त्याला वेशीवरच अडवला असता.

बायकांची काळजी वेगळीच होती. तारानं भर सभेत विचारलं, "आमच्या न्हानीवर छप्पर नाय. वरून दिसतो का सगला?"

"नाही काकी, माणूस दिसतच नाही," कोमल म्हणाली. "एवढ्या उंचावरून माणूस कसा दिसेल?"

कुणाला खरं वाटलं नाही. बघता बघता वाडीतल्या सगळ्या न्हाण्यांवर निळं प्लास्टिक चढलं. मी आमच्या न्हाणीवर घालायला प्लास्टिक आणलं तर अनुसया म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. म्हातारीचा काय बगनार त्यो? लाजंल नि आपनहून दुसरीकडं फिरंल."

कोमलच्या नकाशात आमची घरं तेव्हा पिवळी होती. पिवळं म्हणजे लक्ष ठेवा. पलीकडे जिथं डोंगराचा पाय कापून सपाट केलाय, कुणा बिल्डरनं, तिथं तांबडं होतं. तिनं एकामागून एक उन्हाळ्याचे फोटो दाखवले. पहिल्यात डोंगराच्या पायाशी नखाएवढा भुरा डाग. मग रुपयाएवढा. मग भाकरीएवढा. आम्ही तो डोंगर रोज बघत होतो, तरी तो इतका खाल्लेला आम्हाला दिसला नव्हता. रोज बघितलेल्या माणसाचं वजन उतरलेलं कळत नाही, तसंच.

नामदेव काही सोडणारा नव्हता. "हा नकाशा बिल्डरकडं जानार का नाय, ते सांग."

मला वाटलं, आता पोरगी शपथा घेणार. पण ती म्हणाली, "जाऊ शकतो काका. नकाशा सगळ्यांना बघता येतो. मी त्याला नाही म्हणू शकत नाही."

मी मनात म्हटलं, एक तर ही फार हुशार आहे, नाहीतर साफ मूर्ख.

आषाढात नदी चढली. हिची धाकटी बहीण रखमा बदलापूर पश्चिमेला राहते, उल्हास नदीच्या अंगाला, सखल भागात. तिथल्या लोकांच्या फोनवर कोमलच्या माणसांनी सकाळीच कळवलं, वर घाटाकडं पाऊस फार झालाय, संध्याकाळपर्यंत घरात पाणी येईल, सामान वर घ्या. त्या वेळी बदलापुरात चक्क ऊन पडलं होतं. लोकांनी दोऱ्यांवर कपडे वाळत घातले होते. रखमानं हिला फोन केला तो हसतच. ही हसली नाही. छत्री उचलली आणि निघाली.

"उन्हात छत्री नि फोनवर पूर," मी म्हटलं. "दोघी बहिणींना एकदमच लागलंय."

"लागू दे. तुमी भात गरम करून खा."

दोघींनी धान्य, शेगडी, गाद्या, देव, सगळं माळ्यावर चढवलं. टीव्ही शेजारच्या इमारतीत नेऊन ठेवला. दिवस कलता कलता पाणी आलं. आधी मोरीतून, मग दारातून, चोरपावलानं. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांचे तांदूळ भिजले, कपाटं फुगली, एकाचा फ्रिज दारापर्यंत तरंगत आला. रखमाची सुई गेली नाही. अनुसया घरी आली ती लढाई जिंकल्यासारखी. "ऊन होता ना? सांगा ना, ऊन होता ना?" जेवताना तेच, भांडी घासताना तेच. कोमलला फोन करून सांगितलं, "तुजा उपग्रह खरा बोलतो गो बाय!" उपग्रहाला अशी शाबासकी देणारी ती पहिलीच बाई असावी.

पाणी ओसरल्यावर चिखल काढायला ती परत गेली. अनवाणी. तिच्या टाचांना भेगा होत्या, पावसाळ्यात नेहमीच असायच्या, त्यात ती मेण वितळवून भरायची. त्या चिखलात काय नव्हतं? मेलेले उंदीर, गोठ्यातली घाण, गटार. दवाखान्यात म्हणाले, लेप्टोचा ताप. चिखलातून आलंय. तोवर वाल सोलून झाले होते.

माझ्या डोक्यात मग एकच बसलं. तो मेसेज आला नसता तर ही गेली नसती. मला कळतं हे खोटं आहे. मेसेज नसता तर रखमाचं सगळंच बुडालं असतं आणि ही आणखी जास्त दिवस चिखलात उभी राहिली असती. कळतं, तरी बसलं ते बसलं. दहाव्याला कोमल आली, पांढरा कुर्ता घालून, दाराशीच उभी राहिली. मी म्हटलं, "तुझ्या उपग्रहाला घाटावरचं पाणी दिसलं. टाचेची भेग नाही दिसली?" तारानं तिला आत नेऊन चहा दिला. मी तोंड फिरवून बसलो.

दवाखान्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. फिनेलचा वास, सलाईनच्या बाटलीवर पडलेला खिडकीचा उजेड, बाहेर उल्हासनगरच्या रस्त्यावर हातगाडीवाल्याचं हिंदीतलं ओरडणं. डॉक्टर रोज म्हणायचे, तापाला उतार पडतोय बाबा. मी त्या एका शब्दाला धरून बसायचो. उतार. पोरीनं चुकवलेला, हिनं दुरुस्त केलेला. चौथी शिकलेला माणूस मी, शब्दांच्या वाटेला जात नाही, पण तिथं बाकड्यावर दुसरं काम नव्हतं. डोंगराला उतार असला की घर जातं. तापाला उतार पडला की माणूस राहतं. एकच शब्द, एकीकडे वैरी, एकीकडे सोयरा, मग त्याच्यावर भरवसा ठेवायचा कसा? शेवटी ताप उतरला खरा. उतरतच गेला, हातपाय गार पडेपर्यंत. डॉक्टर खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी बरोबर शब्द वापरला होता. मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ लावला होता.

तेव्हापासून मला कुणाचंच काही खरं वाटेना. सांत्वनाला आलेल्यांचं नाही, बातम्यांचं नाही, पोराचंही नाही. माझा मुलगा प्रकाश बदलापुरातच, कात्रपला, फ्लॅटमध्ये राहतो. यंदा पाऊस लागून राहिला तसा त्याचा रोज फोन. "बाबा, इकडे या. एक खोली रिकामी आहे." रिकामी कुठली? नातवाला हॉलमध्ये झोपवणार, हे मला कळतं. आणि दुसरंही कळतं. जागा कुणाला तरी देऊन टाकू, असं तो मागे दोनदा बोललाय. पोटचा पोर, तरी फोन आला की मी त्याच्या आवाजात बिल्डर शोधतो. सून मागून म्हणते, "बाबांना सांगा, त्यांना आवडतात तशा मिरच्या तळल्यात." मी म्हणतो, मिरच्या कधीपासून तळायला लागली ही?

नामदेवचं आणि माझं मात्र ह्यात चांगलं जमलं होतं. सकाळ-संध्याकाळ त्याच्या पडवीत बसून आम्ही दोघं मिळून सगळ्या जगावर संशय घ्यायचो. नगरपालिकेवर, वीजमीटरवर, दुधावर, हवामानखात्यावर. दोन म्हाताऱ्यांना याहून चांगलं करमणुकीचं साधन नाही.

आणि मग, श्रावणाच्या झडीत, एका दुपारी कोमल आली. छत्री उलटी झालेली, चपला हातात. मी ये म्हटलं नाही, तरी पडवीत येऊन उभी राहिली. फोन ओढणीच्या टोकानं पुसला आणि माझ्यासमोर धरला.

"काका, तुमचं घर लाल झालं."

"रंग तुझ्याच हातात आहेत," मी म्हटलं.

"माझ्या हातात नाहीत. वरचा भाग हलला आहे. उपग्रहानं आधी मोजलं होतं आणि आता मोजलं, त्यात फरक आहे. तुमची, नामदेवकाकांची आणि त्या रांगेतली घरं."

"किती हलला?"

तिनं करंगळी पुढे केली. "नखाएवढा."

"नखाएवढ्यासाठी घर सोडू?"

"आता नखाएवढा आहे म्हणूनच सांगायला आले, काका. पाऊस थांबत नाही आहे. वाडीतल्या शाळेच्या पुढची मोठी शाळा उघडली आहे, नाहीतर प्रकाशदादांकडे जा. पाऊस सुटेपर्यंत."

"आणि पडलाच नाही डोंगर तर?"

"तर मी खोटी पडेन. तुम्ही मला शिव्या द्या." मग म्हणाली, "नक्की पडेल असं मी सांगत नाही. मला तेवढं कळत नाही. कुणालाच कळत नाही."

हे असं बोलणं मला आवडत नाही. विकायला आलेला माणूस ठाम बोलतो, त्याला ठाम नाही म्हणता येतं. हिला काय म्हणावं? पडवीच्या पत्र्यावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. मोरीच्या कडेला अनुसयेचा तांब्या होता, वर्षभर मी तो तिथून हलवला नव्हता. पायरीला ज्या बाजूला ती बसायची तिथं फरशी जरा झिजलीय, तिथं पाणी साचतं, माझ्या बाजूला साचत नाही. खुंटीवरच्या दोरीला तिच्या लुगड्यांचा रंग लागलाय, हिरवा आणि जांभळा. हे सगळं सोडून जायचं, कशासाठी, तर नखासाठी.

आणि तिथं बसल्या बसल्या माझ्या मनात ते आलं. कसं आलं ते सांगता येत नाही. मी विचारलं, "मागचे फोटो असतात ना तुझ्याकडं? मागच्या श्रावणातले?"

"असतात."

"आम्ही वाल सोलत बसलो होतो त्या दिवसाचा दाखव. सोमवार होता. पाऊस थांबला होता. आम्ही बाहेरच होतो, ह्या पायरीवर, छपराखाली नाही."

देवळासमोर तीच म्हणाली होती की माणूस दिसत नाही. तेव्हा मला ते खोटं वाटलं होतं. आज ते खोटं असावं, असं मला वाटत होतं. सत्तरी ओलांडली, जन्मभर मी फसू नये म्हणून जपलो, आणि त्या घडीला कुणीतरी मला फसवावं म्हणून मी फोनकडे तोंड करून बसलो होतो.

कोमलनं बराच वेळ बोट फिरवलं. "काका, त्या दिवशी उपग्रह इकडून गेलाच नाही. हा त्यानंतरचा आहे."

"बघू."

फोनवर कापूस पसरल्यासारखं पांढरं. सगळे ढग. "ह्यात काही दिसणार नाही," ती म्हणाली. "ढगातून बघणारा दुसरा आहे, तो दाखवते." मग करड्या रंगाचा रवा सांडल्यासारखं काहीतरी आलं. तिनं बोटांनी ते मोठं केलं. रवा मोठा झाला, एवढंच.

"हे तुमचं घर."

"कुठलं?"

"हा एक ठिपका. ह्यात तुमचं घर आहे आणि नामदेवकाकांची अर्धी पडवी."

मी ठिपक्याकडे बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं. "ह्यात ती आहे का?"

पावसाचा आवाज होता म्हणून बरं. नाहीतर माझा आवाज मलाच ऐकवला नसता.

"नाही काका," कोमल म्हणाली. "माणूस नाही दिसत. आणि हा फोटो घेतला तेव्हा काकी दवाखान्यात होत्या. तारीख बघितली मी."

"म्हणजे तेव्हा दाराला कुलूप होतं."

"हो."

ती निघाली. पायरीवरून उतरताना झिजलेल्या बाजूनं उतरली नाही, माझ्या बाजूनं उतरली. ते तिनं मुद्दाम केलं की पाणी साचलं होतं म्हणून, माहीत नाही. मला आता सगळ्यात काहीतरी दिसतं.

ती गेल्यावर मी तसाच बसून राहिलो. संशयी माणसाची एक रीत असते. समोरचा काय बोलला याच्यापेक्षा तो काय बोलू शकला असता आणि बोलला नाही, ते तो बघतो. ह्या पोरीला किती सोपं होतं! कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, ह्या बघा काकी. मी मान डोलावली असती. रडलो असतो, आणि ती म्हणाली असती तर त्याच पावली तिच्यामागून शाळेत गेलो असतो, तिनं कागद पुढे केला असता तर अंगठाही दिला असता. फसवायला आलेल्या माणसानं हेच केलं असतं. मीही केलं असतं. ती नाही म्हणाली. माझ्या तोंडावर नाही म्हणाली, आणि दाराला कुलूप होतं हेही लपवलं नाही. जी बाई मेलेल्या माणसाबद्दल दुखरं खरं सांगते, ती डोंगराबद्दल खोटं कशाला सांगेल? बिल्डरचं मला अजूनही माहीत नाही. नकाशा त्याच्याकडे गेला असेलही. पण नखाएवढं म्हणाली म्हणजे नखाएवढंच असणार, कमी नाही आणि जास्तही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी चहा केला, भांडं धुऊन पालथं घातलं. दाराला कुलूप लावलं, त्यावर दुसरं लावलं, चाव्या बनियनच्या आत टाकल्या. एका पोरीवर विश्वास ठेवला म्हणून सगळ्या खरवईवर ठेवायला मी काही बावळट नाही. प्रकाशला फोन करून एवढंच म्हटलं, "ये." मग पिशवी घेऊन रस्त्याकडे न जाता नामदेवकडे गेलो. तो पडवीत मशेरी लावत बसला होता.

"पिशवी घेऊन कुठं? देवाला चाललास?"

"घर सोडतोय. तू पन सोड."

त्यानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. उठून पावसात थुंकून आला. "असं होय. तुला कबूल केलेला दिसतोय फ्लॅट. कितव्या माल्यावर?"

"पोरगी खरं बोलते, नामदेव."

"काल पोरगी आली, आज तू पिशवी उचललीस. आमी काय दूध पितो? बायको गेली ती तुजा डोका पन घेऊन गेली काय रं?"

वर्षभर मी ज्या नजरेनं सगळ्यांकडे बघत होतो, त्याच नजरेनं तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या जागी मी असतो तर ह्याहून वाईट बोललो असतो. काय सांगणार त्याला? ठिपक्याचं सांगितलं असतं तर तो जन्मभर हसला असता.

"गेला असंल डोका," मी म्हटलं, आणि पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या पायरीवर बसलो. "मी हितं बसतो. तू उठशील तवा मी उठन. डोंगर आला तर दोघांवर येऊ दे."

"बस. दिवाळीपर्यंत बस."

त्यानं पुन्हा मशेरी घेतली. पाऊस वाकडा होऊन पायरीवर यायला लागला, माझी पाठ भिजली. खाली रस्त्यावर प्रकाशनं आणलेल्या रिक्षाचा हॉर्न वाजला. थांबला, पुन्हा वाजला.

"पोरगा बोलावतोय," नामदेव म्हणाला.

"ऐकू येतंय."

तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. आतून ताराचा आवाज नव्हता. सगळं ऐकत उभी असणार. मग थोड्या वेळानं फळीवरची भांडी उतरवून एकात एक बसवल्याचा आवाज यायला लागला.